चर्चा : राजापूर लोकसभा मतदारसंघ मोडला, हा हिशेब होता की कोकणावरचा अन्याय?

तळकोकणी

राजापूर लोकसभा मतदारसंघात १९५७ ते २००४ या काळात तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि खासदार झाले फक्त चार. नाथ पै तीनदा, मधू दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. लांजा, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी एवढाच पसारा. २००८च्या पुनर्रचनेत तो गेला. शेजारचा रत्नागिरीही गेला. दोघांचे तुकडे जोडून रत्नागिरी-सिंधुदुर्ग तयार झाला आणि दापोली-गुहागर उचलून रायगडाला जोडले.

माझं म्हणणं असं की हा अन्याय होता, आणि तोही कायदेशीर अन्याय, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना जागा घटण्याची शिक्षा नको म्हणून राज्याराज्यांतलं जागावाटप १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने गोठवलं. २००१ साली ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. म्हणजे तमिळनाडू-केरळला अभय मिळालं. पण राज्याच्या आत मात्र २००१च्या जनगणनेवर सगळं नव्याने वाटलं. जे तत्त्व चेन्नईला लागू, ते कुडाळला का नाही? महाराष्ट्राच्या जागा ४८च्या ४८ राहिल्या. ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू असे दोन मतदारसंघ होते, तिथे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार झाले. ते आले कुठून, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही.

आकडेमोड

गणितज्ञ लागत नसेल तर आकडेही मांडायचे होते. २००१ साली सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार, रत्नागिरीची १६ लाख ९६ हजार. दोन्ही मिळून साडेपंचवीस लाख. ठाणे जिल्हा एकटा ८१ लाख. दोघांनाही दोन-दोन खासदार ठेवायचे? कल्याणच्या माणसाचं मत मालवणच्या माणसाच्या मताच्या एक तृतीयांश किमतीचं का? आणि पुढचं बघा. २०११ला सिंधुदुर्ग ८ लाख ४९ हजारांवर आला, रत्नागिरी १६ लाख १५ हजारांवर. वाढ सोडाच, घट झाली. ठाणे एक कोटी दहा लाखांवर गेलं.

दक्षिणेची तुलनाही चुकीची आहे. तिथला युक्तिवाद कुटुंबनियोजनाचा आहे. कोकणातली माणसं कमी झाली ती जन्म रोखून नव्हे, सायन-पनवेल ओलांडून.

तळकोकणी

ओलांडून का गेली? कारखाना नाही, पाणी अडवलं नाही, रेल्वे नव्हती. आधी माणसाला बाहेर जायला भाग पाडायचं, मग तो घरी नाही म्हणून त्याच्या घरची खुर्ची काढून घ्यायची. कुटुंबनियोजनासाठी बक्षीस देता येतं, तर मागास ठेवल्याबद्दल निदान दंड तरी करू नका.

डोंबिवलीत राहणारा चाकरमानी

माझं गाव कणकवली तालुक्यात, मतदान डोंबिवलीत. वर ज्या ‘ठाण्याच्या’ जागांना नावं ठेवली जात आहेत, त्या माझ्यासारख्यांनीच वाढवल्या. आम्हाला तुंबलेले नाले, तुडुंब लोकल, पाण्याचे टँकर नाहीत का? मी सतरा दिवस गणपतीला गावी असतो म्हणून माझा खासदार तिकडे मोजायचा, हे कसं चालेल? गावाबद्दल माया आहेच. पण मत जिथे राहतो तिथलं.

वेंगुर्ल्याचो

आकडे बरोबर असतत हो. पण नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९६७त गोलकनाथ निकाल इलो, मूलभूत हक्कांत संसदेक हात घालूक येना नाय म्हणान. तो अधिकार संसदेक परत मिळूचो म्हणान खाजगी विधेयक आणलो कोणी? आमच्या खासदारान. पुढे १९७१च्या २४व्या घटनादुरुस्तीन सरकारान ह्याच केल्यान. ही वजनदारी मतदारांच्या संख्येर मोजतास?

आकडेमोड

वजनदारी नाथ पैंची होती, सीमारेषेची नव्हती. आणि ज्या मतदारसंघाची आरती चालली आहे, त्याच्याच मतदारांनी १९९१ साली दंडवत्यांना पाडलं. कधी? ते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं, त्याला वर्ष होत आलं होतं, रुळांचं काम सुरू होत होतं. इतका गोड मतदार कुठे असतो?

शिवाय दंडवते मूळ अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. भूमिपुत्र असल्यामुळे ते मोठे झाले नाहीत.

तळकोकणी

हे तर माझ्याच बाजूचं झालं. नगरचा, मुंबईत राहणारा, पक्षाकडे पैसा नसलेला प्राध्यापक १९७१च्या इंदिरा लाटेत निवडून येतो, १९८०ला येतो, १९८४च्या सहानुभूतीच्या लाटेतही येतो. देशभर विरोधक आडवे झाले असताना. का? मतदारसंघ आटोपशीर होता. एसटीने फिरून, वाडीवाडीत बैठका घेऊन उमेदवार माणसांपर्यंत पोचू शकत होता. आज चिपळूण ते सावंतवाडी महामार्गाने अडीचशे किलोमीटरच्या घरात. त्यात घाटाकडची गावं वेगळी, खाडीपलीकडची वेगळी. हे अंतर गाडी-ताफा-पैसा असलेलाच कापतो. पुनर्रचनेने नुसती एक जागा गेली नाही, कोण उभा राहू शकतो तेही बदललं.

रेल्वेप्रेमी

कोकण रेल्वेचा विषय निघालाच आहे तर. १९९० साली महामंडळ स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, खासदार बिहारच्या मुजफ्फरपूरचे. गाडी सावंतवाडीवरून जाते म्हणून मुजफ्फरपूरच्या कुणाला काही मिळालं नाही, तरी त्या माणसाने ती केली. अर्थमंत्री दंडवते होते म्हणून रोखे काढून पैसा उभा करायची वाट सोपी झाली, हेही खरं. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांचा, ही रचना तेव्हाची. ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८च्या जानेवारीत पुरा झाला. त्यामुळे ‘आमच्या मतदारसंघाने रेल्वे आणली’ हे अर्धंच खरं. अर्धं मात्र खरं आहे.

एक गंमत. दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा ते राजापूरचे खासदार होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या काळात. प्रभू २०१४ला रेल्वेमंत्री झाले तोवर राजापूर उरलं नव्हतं. २००९ला नव्या मतदारसंघात निलेश राणेंकडून ते हरले होते. मंत्री झाले ते राज्यसभेतून.

दापोलीची

तुम्ही सगळे राजापूर-राजापूर करताय. आमचं काय झालं ते विचारलं का कुणी? जिल्हा रत्नागिरी, कलेक्टर रत्नागिरीत, खासदार रायगडचा. पेण-अलिबागचे प्रश्न कंपन्या आणि बंदरांचे, आमचे आंबा-काजू आणि मासेमारीचे. पत्र लिहायचं तर दोन जिल्ह्यांत फिरतं. राजापूरवाल्यांना निदान आपला जिल्हा सलग एका मतदारसंघात मिळाला. तक्रार करायचा पहिला हक्क आमचा.

तळकोकणी

हे मान्य. दापोली-गुहागरचं झालं ते आमच्यापेक्षा वाईट.

आकडेमोड

मलाही मान्य. पण हा उपाय सीमा नीट आखण्याचा आहे, दोन जागा परत देण्याचा नाही.

आणि पुढच्या पुनर्रचनेची तयारी करा. गोठवणूक उठली आणि लोकसंख्याच एकमेव निकष राहिली, तर घटणाऱ्या जिल्ह्यांची आहे ती जागाही आणखी पसरेल. उद्या चिपळूणच्या वर कुठवर जाईल सांगता येत नाही. ‘अन्याय झाला’ म्हणून रडण्यापेक्षा भौगोलिक अंतर आणि डोंगराळपणा निकषात धरा, अशी मागणी पुनर्रचना आयोगापुढे आकड्यांसकट घेऊन जा. मी मसुदा करून देतो, विरोधात असलो तरी.

तळकोकणी

मसुदा करा. प्रत्येक तालुक्यातल्या वाड्यांची संख्या आणि तालुक्याच्या ठिकाणापासूनचं अंतर मी गोळा करतो. दापोली-गुहागरचा परिच्छेद दापोलीच्या ताईंनी लिहावा.

वेंगुर्ल्याचो

आणि चाकरमान्यांक सांगा, सही करूक गणपतीचीच वाट बघू नकात.