फॅनी मेंडेल्सोनची गाणी भावाच्या नावावर

प्रश्न : जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनच्या ओपस ८ आणि ९ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) या गीतसंग्रहांतील प्रत्येकी तीन गाणी त्याची थोरली बहीण फॅनी हिची आहेत. मग भावाने तिचे श्रेय लाटले, असे म्हणावे का?

प्रतिसाद १ : इतका सरळ निवाडा मला पटत नाही. संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र ते केवळ भूषण राहील, असे वडिलांनी तिला १८२० मध्येच लिहिले होते. शिवाय १८४२ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने गाण्यासाठी त्यांतलेच ‘इटालिएन’ हे गाणे निवडले, तेव्हा ते बहिणीचे असल्याचे फेलिक्सने तिथेच कबूल केले.

प्रतिसाद २ : कबुली दिली खरी, पण खासगीत! तिने स्वतःच्या नावाने रचना प्रसिद्ध कराव्यात, याला त्याचा विरोधच होता. बर्लिनच्या घरी रविवारच्या मैफली गाजवणाऱ्या आणि साडेचारशेहून अधिक रचना करणाऱ्या या बाईचा ओपस १ निघाला तो १८४६ मध्ये. पुढच्याच वर्षी ती गेली.

प्रतिसाद ३ : तिचा १८२८ चा ‘ईस्टर सोनाटा’ (पियानोसाठीची रचना) हाही दीर्घकाळ फेलिक्सचाच समजला जात होता. हस्तलिखिताच्या अभ्यासातून २०१० मध्ये तो तिचा ठरला.