मदत हवी आहे: आयर्लंडमधले नदीचे जुने उतार आणि पायवाटा

नमस्कार मंडळी, आयर्लंडच्या खेड्यांतले नदीचे जुने उतार, म्हणजे पाण्यातून चालत पलीकडे जायच्या उथळ जागा, शोधतेय. १९३७ ते १९३९ दरम्यान तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आठवणी वह्यांत लिहून काढल्या: मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायची पायवाट, ओढ्यात पाय ठेवायला टाकलेले दगड, पूल होण्याआधी लोक कुठून पलीकडे जायचे. फार मोलाचं लिखाण आहे, आणि ‘डूखस’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. पण जागेचा पत्ता बहुधा ‘अमक्याच्या शेताखाली’ एवढाच! एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (सरकारी नकाशे बनवणाऱ्या खात्याच्या) सहा इंची, म्हणजे एका मैलाला सहा इंच अशा प्रमाणातल्या नकाशांवर उतार दाखवलेले आहेत. नोंद आणि नकाशा जुळवायचे कसे? मेयो किंवा गॉलवेकडे राहणारं, गावच्या जुन्या माणसांशी बोलू शकेल असं कुणी आहे का? जुन्या आयरिश लिपीतल्या वह्या वाचणारं कुणी असेल तरी कळवा.