‘नो ग्रोथ’ला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलीहून प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या मावशीच्या डोळ्याला माडाच्या चुडताचं टोक लागलं. दोनच दिवसांत बुबुळावर पांढरं दिसायला लागलं. वाड्यावर सगळे म्हणाले, ‘फूल पडलं.’ डॉक्टरांनी डोळा खरवडून नमुना तपासायला पाठवला. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ असं होतं, ते मी तिला ‘जंतू नाहीत’ असं वाचून दाखवलं. तिने थेंब घालायचं सोडलं. आता बुबुळ बदलावं लागेल म्हणतात. माझा शब्द चुकला का?

फोंड्याहून : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. शब्द चुकला, पण तो आमच्या रिपोर्टच्या भाषेमुळेही चुकतो. ‘नो ग्रोथ’ म्हणजे ‘या माध्यमांवर, म्हणजे जंतू वाढवायला दिलेल्या खाद्यावर, इतक्या दिवसांत काही वाढलं नाही.’ बस्स, एवढंच. जिवाणू बहुधा एकदोन दिवसांत उगवतात. बुरशीसाठी आम्ही प्लेट दोन आठवडेही ठेवतो. अकांथामिबा हा एकपेशीय जीव तर नेहमीच्या माध्यमावर सहसा सापडत नाही, त्याला पोषण नसलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) ई. कोलाय या जिवाणूंचा थर खाऊ म्हणून द्यावा लागतो. विषाणू यातल्या कशावरच वाढत नाहीत. आणि नमुना घेण्याआधी थेंब सुरू झालेले असले, तर जंतू असूनही वाढत नाहीत. म्हणून मी ‘वाढ आढळली नाही’ असं लिहीन. ‘जंतू नाहीत’ कधीच नाही.

रिपोर्टवर ‘केओएच’ची ओळ आहे का बघा. नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्यात बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. झाडापानाचा मार लागला की फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस या बुरश्यांचा विचार आधी करतात.

सांखळीहून : मी मराठी शिकवतो. ‘फूल’ हा आपला जुना, नेमका शब्द, पण तो जखम भरल्यावर उरणाऱ्या पांढऱ्या डागाला शोभतो. संसर्ग चालू असताना आहे तो ‘व्रण’, म्हणजे उघडी जखम. फूल म्हटलं की माणूस स्वस्थ बसतो, फुलाला काय घाई? व्रण म्हटलं की धाव घेतो. हा फरक गावोगाव सांगायला हवा. कॉर्नियाला शाळेच्या पुस्तकात ‘पारपटल’ आहे. ‘बुबुळ’ रुळलेला आहे, पण त्यात मागचा रंगीत भागही येतो.

पेडण्याहून : ‘नेत्ररोपण’ हा शब्दसुद्धा सोडावा असं मला मनापासून वाटतं. अख्खा डोळा बदलत नाहीत, पुढची पारदर्शक चकती बदलतात. ‘पारपटल रोपण’ म्हणावं. माझ्या काकांचं झालं तेव्हा काढलेल्या चकतीचे दोन तुकडे केले होते. एक फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकून ऊतीच्या तपासणीला, दुसरा तसाच जंतू वाढवायला.

फोंड्याहून : हो, आणि तो दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात, मग त्याला ‘वाढ नाही’ येणारच. खोल रुतलेली बुरशी वरवरच्या खरवडीत सुटते आणि या चकतीत सापडते. ताई, म्हणून रोपण ठरलंच तर चकती दोन्हीकडे जाणार का, हे आधीच विचारून ठेवा. रोपणानंतर शरीराने नवी चकती नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब देतात. आत बुरशी उरली असेल तर त्याच थेंबांनी ती फोफावते. कोणता जंतू होता हे म्हणूनच कळायला हवं.

डिचोलीहून : केओएचच्या ओळीत ‘फंगल फिलामेंट्स’ आहे. मी फक्त खालची ओळ वाचली होती. मावशीला आत्ताच सांगितलं, ‘बुरशी दिसली आहे, वाढली नाही एवढंच.’ उद्या सकाळी रिपोर्ट घेऊन तिला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेते. ‘खरवडणं’ ऐकूनच ती घाबरते, त्याला सौम्य शब्द आहे का?

सांखळीहून : ‘डोळा बधिर करून वरचा कण घेणं.’ जे करतात तेच सांगा.