मदत हवी: कुत्र्याच्या पिल्लाला लूत लागलीय, आयव्हरमेक्टिन किती द्यायचं?

पेडण्याची_सई:
पिल्लाचे केस झडतायत, दिवसरात्र खाजवतंय, रात्री तर रडतं. भावाच्या गोठ्यात गुरांच्या आयव्हरमेक्टिनची, म्हणजे जंत-किड्यांवरच्या औषधाची, बाटली आहे. ते तोंडातून किती थेंब द्यायचं तेवढंच सांगा. उद्या रविवार, दवाखाना बंद. मला बघवत नाही.

डिचोलीकर:
वय किती? वजन? कुठली जात? केस नेमके कुठले गेलेत? हे कळल्याशिवाय कोणीही थेंब सांगू नयेत.

माडाखालचा:
औषध कशाला? खोबरेलात कापूर घालून चोळा. आमच्या वाड्यावरची कुत्री त्यानेच बरी होतात.

डिचोलीकर:
कापूर अजिबात नको! कातडीतून अंगात उतरतो, वर पिल्लू चाटणार. झटके येऊन मरेल.

माडाखालचा:
इतकी वर्षं लावतोय, एकाही कुत्र्याला काही झालं नाही.

डिचोलीकर:
मोठ्या कुत्र्यांना ते सोसलं असेल. हे पिल्लू आहे.

पेडण्याची_सई:
भांडू नका हो. गावठीच आहे. आठ दिवसांपूर्वी पावसात बाजारात भाजीच्या टोपल्यांमागे कुडकुडत होतं, उचलून आणलं. वय मला काय माहीत? दात सगळे आलेत, सुईसारखे टोचतात. दूध-पाव खातं. थेंब सांगा ना कोणीतरी.

पदेरवाडा:
दूध आधी बंद करा. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात. मऊ भात आणि बिनमिठाची उकडलेली कोंबडी द्या. आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस चुकवू नका.

पेडण्याची_सई:
लशीचं मी विचारलंच नाहीये.

मी_कंपाउंडर:
सई, मी प्राण्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं मदतनीस आहे. ती बाटली उघडू नकोस. गुरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मि.ली. या हिशोबाचं असतं. तुझं पिल्लू एक-दोन किलोचं असेल. इतकुसा भाग घरात मोजता येत नाही, आणि एक थेंब जास्त गेला तर बाहुल्या मोठ्या होतात, तोल जातो, लाळ गळते, पिल्लू बेशुद्ध पडतं. त्यावर उतारा नाही. अशी पिल्लं टेबलावर आलेली पाहिलीत, म्हणून सांगते.

आता दोन गोष्टी कर. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळ आणि मागचा पाय खाजवल्यासारखा हलतो का बघ. आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का?

पेडण्याची_सई:
चोळलं. पाय लगेच हलायला लागला, थांबेचना! कानाची कड खरखरीत झालीय, कोपरांवर आणि पोटावर खपल्या. आणि माझ्या लेकीच्या हातांवर नि पोटावर चार दिवसांपासून लाल पुरळ आहे. मला घामोळं वाटलं. हे आधी सांगायला हवं होतं का?

मी_कंपाउंडर:
हो गं. मग ही खरूज असण्याची शक्यता जास्त. खरजेचे बारीक किडे माणसाला चावतात, पण आपल्या अंगावर वाढत नाहीत. कुत्रं बरं झालं की पुरळ सहसा जातं. लेकीला तरी डॉक्टरांना दाखव. लूत दुसऱ्या प्रकारचीही असते, डेमोडेक्स नावाच्या किड्यांची. ती आईकडून जन्मल्या जन्मल्या येते, फारशी खाजत नाही, डोळ्यां-तोंडाभोवती केस जातात आणि माणसाला लागत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खरजेचे किडे तिथे अनेकदा सापडतच नाहीत, तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात.

भाटातला:
कृषी दुकानात अमिट्राझ नावाचं किडे मारायचं औषध मिळतं. त्यात बुडवा, एका दिवसात काम.

मी_कंपाउंडर:
चार महिन्यांखालच्या पिल्लाला ते नाही. जळकं इंजिन ऑइल, रॉकेल यांचंही नाव काढू नका. आणि घरातलं खाजेचं स्टेरॉइड मलम लावू नका, डेमोडेक्स असेल तर बळावते.

पेडण्याची_सई:
सोमवारपर्यंत काय करू मग?

मी_कंपाउंडर:
वेगळ्या जागी ठेव, हाताळताना हातमोजे घाल. अंथरूण उकळत्या पाण्यात धू, बाकीची कुत्री-मांजरं लांब ठेव. वजन मात्र आजच करून घे.

पेडण्याची_सई (सोमवार):
वाण्याच्या काट्यावर खोक्यात ठेवून केलं होतं, खोकं वजा जाता १ किलो ६००. दवाखान्यात दात बघून दोन महिन्यांचं म्हणाले. खरूजच निघाली. मानेवर घालायचं सेलामेक्टिन नावाचं औषध दिलं, ते ६ आठवड्यांपुढच्या पिल्लांना चालतं म्हणे. महिन्याने परत. भावाची बाटली गोठ्यात परत पाठवली. शेजारच्या दोन कुत्र्यांनाही दाखवायचंय, ती रोज याच्याशी खेळायची. त्यांच्या मालकांना कसं सांगू?

माडाखालचा:
मी येतो तुझ्याबरोबर. त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचंच आहे.