मदत हवी आहे: व्हिडिओ गेममधला बेसबॉल, हिट लिहू की एरर?

पेन्सिलवाला

नमस्कार मंडळी. इथे बेसबॉलवाले फार नसतील, पण अमेरिकेतले दोन-चार जण तरी असतील म्हणून विचारतो. (हिट म्हणजे बॅटर फटक्याच्या जोरावर बेसवर पोचला; एरर म्हणजे फिल्डरच्या चुकीमुळे पोचला.)

मी, माझे साडू, पुतण्या आणि पुतण्याचा रूममेट असे चौघे दर शनिवारी रात्री ऑनलाइन बेसबॉलचा गेम खेळतो. गेमचं नाव देत नाही, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. गेम स्वतःचा स्कोअर ठेवतो, पण न्यू जर्सीत आल्यापासून मला कागदावर पेन्सिलने स्कोअरशीट भरायचा नाद लागलाय, आणि आमच्या लीगचे आकडे माझ्या वहीतलेच धरायचे असं ठरलंय. इथेच माशी शिंकली.

गेल्या शनिवारची सहावी इनिंग. दोन आऊट, बेस रिकामे. माझ्या बॅटरने शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरकडे) साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका मारला. साडूंच्या शॉर्टस्टॉपने चेंडू छान उचलला आणि हातात घेऊन उभाच राहिला. अंगठा भलत्याच बटणावर होता म्हणे. मग थ्रो गेला, तोही नेमका फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हमध्ये, पण तोवर माझा गडी बेस ओलांडून गेला होता. पडद्यावर हिट आली, मीही वहीत हिट लिहिली. त्यानंतर एक वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट फर्स्ट बेस), एक डबल (दोन बेसची हिट), एक होमरन. चार रन.

साडू म्हणतात, "चूक माझी आहे, मी कबूल करतोय, मग दे की एरर!" त्यांचा कबुलीजबाब फुकटचा नाही. एरर धरली तर तो तिसरा आऊट ठरतो, इनिंग तिथेच संपायला हवी होती, म्हणून पुढचे चारही रन अनअर्न्ड, म्हणजे पिचरच्या खात्यात न धरले जाणारे. त्यांच्या पिचरचे ६ इनिंगमध्ये ५ अर्न्ड रन आहेत, तिथे १ राहतो. ईआरए (दर नऊ इनिंगमागे अर्न्ड रन) ७.५० वरून थेट १.५०. उलट माझ्या बॅटरच्या बॅटिंगच्या २८ पाळ्यांत ९ हिट आहेत, त्या ८ होतात, सरासरी .३२१ वरून .२८६ वर येते आणि सलग सात सामन्यांची हिटची मालिका तुटते. स्कोअरर मीच, बॅटरही माझाच, त्यामुळे पक्षपाताचा आरोप झालाय. प्रकरण दोन्ही बहिणींपर्यंत पोचलंय.

नियमात 'साधारण प्रयत्नात' आऊट होण्यासारखा असेल तर एरर, असं आहे ना? मग हा साधारण प्रयत्न कुणाचा धरायचा? गेममध्ये त्या शॉर्टस्टॉपची फिल्डिंग शंभरात पंच्याण्णव आहे. साडूंच्या अंगठ्याची किती, ते मी लिहीत नाही.

शॉर्टलेग_डोंबिवलीकर

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण क्रिकेटवाले सुखी म्हणायचे. पायातून चेंडू सुटून चौकार गेला तरी चार धावा फलंदाजाला, आणि त्या गोलंदाजाच्याही नावावर. झेल सोडणाऱ्याचं नाव स्कोअरबुकात औषधालाही सापडत नाही. रुमाल टाकून ठेवतो.

बॉस्टनची_मावशी

मुलाच्या लिटल लीग (मुलांच्या बेसबॉल) टीमचं स्कोअरबुक मी सहा वर्षं ठेवलंय, आयांची भांडणंही सोडवलीत, तेव्हा सांगते.

हिटच. बेसबॉलच्या अधिकृत नियमावलीतल्या नियम ९.१२ च्या टिपेत तुमचाच प्रसंग आहे म्हणा ना: चेंडू नीट उचलला पण फर्स्ट बेसला वेळेत थ्रो पोचला नाही, तर एरर देऊ नये. हातातून चेंडू निसटला, थ्रो वाकडा गेला, असं काहीतरी घडलेलं दिसायला हवं. नुसता उशीर किंवा डोक्यातला गोंधळ यांना एरर नाही. साडूंचा अंगठा चुकला हे खरं, पण मैदानावर काय दिसलं? शॉर्टस्टॉप विचारात पडला आणि थ्रो उशिरा पोचला, एवढंच. त्याच अंगठ्यामुळे थ्रो फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून गेला असता, तर डोळे मिटून ई-६ (शॉर्टस्टॉपची, म्हणजे ६ नंबरच्या जागेची एरर).

साधारण प्रयत्नाची व्याख्याही वाचा. त्या जागेवरच्या, *त्या लीगमधल्या* सरासरी कौशल्याच्या खेळाडूकडून अपेक्षित असलेला प्रयत्न. तुमची लीग चार माणसांची. म्हणजे चौघांच्या अंगठ्यांची सरासरी काढा, शंभरात पंच्याण्णव विसरा. (ह. घ्या.)

खरी डोकेदुखी दोघांच्या मध्ये पडलेल्या चेंडूची. हात लागला नाही तरी एरर देता येते, पण दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मध्ये टप्पा पडला, तर परंपरेने हिट देतात. ९ मे २०१४, मेजर लीगमध्ये टेक्सास विरुद्ध बॉस्टन. टेक्सासचा पिचर यू दार्विशने सातव्या इनिंगमध्ये दोन आऊट होईपर्यंत एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं. बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचा उंच उडालेला चेंडू राइट फिल्डर अॅलेक्स रिओस आणि सेकंड बेसमन रुग्नेड ओडोर यांच्या मध्ये पडला. स्कोअररने रिओसला एरर दिली, म्हणून नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) जिवंत राहिला. नवव्यात दोन आऊट असताना ऑर्टिझनेच हिट मारून तो मोडला. काही दिवसांनी लीगने ती एररसुद्धा बदलून हिट केली. आमच्या घरी त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

असे चेंडू तुमच्या वहीत कसे लिहिलेत, ते एकदा बघा.

पेन्सिलवाला

मावशी, अनेक आभार. साडूंना लिंक पाठवली.

वही बघितली आणि आता लिहायला जरा लाज वाटतेय. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या सेंटर आणि राइट फिल्डरच्या मध्ये एक चेंडू पडला होता. मी चुकीच्या गड्याला पळवलं, दुसरा जागेवर उभा. गेमने हिट दिली होती. मी खोडून ई-९ (राइट फिल्डरची एरर) लिहिलंय. पिचर माझा होता.

क्यू_बॅक

काका!!! ती मॅच माझ्याशी होती. मी तेव्हाच म्हटलं होतं ना, तर तुम्ही म्हणालात, "तुला नियम माहीत नाहीत."

पेन्सिलवाला

हो रे बाबा. खोडरबर मारला, पान थोडं फाटलं. तुझी हिट तुला परत. माझ्या पिचरचे दोन रन वाढले.

अवांतर: साडूंचा फोन आला होता. नियम मान्य, पण विचारतायत की पुढच्या वेळी अंगठा अडकला तर थ्रो सरळ प्रेक्षकांत भिरकावतो, मग तरी एरर मिळेल ना?

बॉस्टनची_मावशी

मिळेल की. फक्त त्यांना सांगा, मग बॅटर फर्स्टवर थांबत नाही, सेकंडवर जातो.