मदत हवी आहे : पणजोबांच्या आईवडिलांचा शोध (फोंडा आणि साष्टी, सुमारे १८८०)

नमस्कार. आमचे कुटुंब गोव्यातील फोंडा तालुक्यातले. माझ्या पणजोबांचे आईवडील कोण होते, याचा शोध मी तीन वर्षांपासून घेत आहे आणि आता जाणकारांच्या मदतीवाचून पुढे सरकणे शक्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पणजोबांच्या मृत्यूची नोंद १९३६ची आहे. तीत वय ‘सुमारे पंचावन्न’ दिले असून आईवडिलांच्या नावांची जागा कोरी आहे. जन्म १८८०-८१च्या सुमाराचा धरला, तर त्या काळातील ख्रिस्ती मुलाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या नावांसह चर्चच्या वहीत सापडू शकतो. आमच्या गावातील हिंदू घरांच्या जन्मांच्या सलग वह्या मात्र मला पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतरच्याच मिळाल्या. त्यामुळे पणजोबांच्या स्वतःच्या जन्माची नोंद मिळण्याची आशा मी सोडली आणि त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, १९१९च्या नोंदीकडे वळलो.

येथे माझे एक वर्ष वाया गेले, ते इतरांचे जाऊ नये म्हणून सांगतो. मी आधी नोंदीचा संक्षिप्त दाखला घेतला होता. त्यात फक्त आईवडिलांची नावे असतात. पुढे कोणीतरी ‘तेओर’ मागा असे सुचवले. तेओर म्हणजे मूळ नोंदीचा शब्दशः उतारा. त्यात बाळाच्या दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावेही येतात. आमच्या तेओरमध्ये बाळाच्या वडिलांकडच्या आजीचे एकच नाव आहे, आडनाव नाही, गाव नाही. आणि आजोबांच्या जागी ‘इन्कोग्नितु’, म्हणजे अज्ञात, एवढाच शब्द आहे.

ही नोंद देणारे स्वतः पणजोबाच होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कचेरीत उभे राहून त्यांनी आपल्या आईचे नाव सांगितले आहे, म्हणजे ते त्यांना ठाऊक होते. मृत्यूची नोंद शेजाऱ्याने दिली, म्हणून तेथे रकाना कोरा राहिला असावा. आईच्या नावाचे पहिले अक्षर पोर्तुगीज ‘एक्स’ आहे, म्हणजे उच्चार ‘श’चा, मधली अक्षरे शाईच्या डागाखाली गेली आहेत.

माझी आजी सांगत असे की पणजोबांना पाचसहा वर्षांचे असताना एका बाईने बोरीच्या तारीवरून, म्हणजे नदीच्या उतारावरून होडीने, साष्टी तालुक्यातून अलीकडे फोंड्यात आणले आणि ती बाई त्यांची आई नव्हती. ज्या घरी ते वाढले, त्याच घराचे कुलदैवत आम्ही मानतो, त्यामुळे कुलदैवतावरून मूळ गाव काढता येत नाही. ज्यांचे कुळ म्हार्दोळच्या म्हाळसेचे, त्यांना निदान वेर्णे हे देवीचे मूळ स्थान माहीत असते आणि तेथून शोध सुरू करता येतो. आम्हांला तोही आधार नाही. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांच्या, कातालोगात (अधिकृत यादीत) आमचे घर नाही. गोत्र काश्यप सांगितले जाते, पण ज्यांना गोत्र माहीत नाही त्यांनाही काश्यपच सांगण्याची प्रथा असल्याने त्यावर मी काहीच उभारू शकत नाही.

एकट्या बाईचे नाव पाहून, ती एखाद्या देवळाच्या सेवेत असावी, असे दोघांनी मला सुचवले. तसे असेल तर ते कळावे अशीच माझी इच्छा आहे. घरातील काही वडीलधाऱ्यांना हा विषय उकरून काढू नये असे वाटते. मला ज्या आईचे नाव तिच्या मुलाने जपून ठेवले, ती कोण होती हे शोधणे आमचे कर्तव्य वाटते.

आता नेमके प्रश्न विचारतो. लग्न धर्मरीतीने झालेले असूनही सरकारी नोंद नसल्यामुळे वडिलांच्या जागी ‘इन्कोग्नितु’ लिहिले गेल्याची उदाहरणे कोणी पाहिली आहेत का, की हा शब्द विवाहबाह्य जन्मालाच लागत असे? पणजोबांना वाढवणाऱ्या घराच्या मालमत्तेचा इन्व्हेंतार, म्हणजे वारसांत वाटणीसाठीची मोजदाद, कोर्टात झाला होता, असे ऐकले आहे. अशा कागदांत घरात वाढलेल्या, पण वारस नसलेल्या मुलाचा उल्लेख येतो का, आणि हे जुने कागद सध्या कोर्टात पाहावेत की पणजीच्या पुराभिलेख खात्यात? साष्टीतील गावांच्या कोमुनिदादींचे (जुन्या गावकरी संस्थांचे) कागद मडगावच्या कचेरीत पाहायचे झाल्यास गावाचे नाव हाती नसताना सुरुवात कोठून करावी? देवस्थानांच्या नामशी, म्हणजे सेवेबद्दल दिलेल्या, जमिनींच्या किंवा सेवेकऱ्यांच्या जुन्या हिशेबांत स्त्रियांची नावे ज्यांनी प्रत्यक्ष वाचली आहेत, त्यांचा अनुभव तर मला विशेष हवा आहे. शिवाय मोडी वाचणारे कोणी असल्यास, पणजोबा वाढले त्या घरातील दोन चोपड्यांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दर पितृपक्षात ते आपल्या वडिलांचे नाव घेतात, आजोबांचे घेतात आणि तिसऱ्या पिंडाशी थांबून भटजींकडे पाहतात. तेओरची प्रत आणि चोपड्यांची छायाचित्रे मागणाऱ्याला मी खाजगी निरोपाने पाठवीन.