सेन्सर मनगटावर नको
पॅराग्लायडिंग करताना आपण वर चढतोय की खाली उतरतोय हे आवाजाने सांगणाऱ्या व्हेरिओच्या पिंपिंऐवजी मनगटावर थरथरणारा पट्टा, ही तुमची कल्पना झकास! कानात वारा घोंघावत असताना ती पिंपिं कुठली ऐकू येतेय. पण हवेचा दाब मोजणारा सेन्सर मनगटावर नको. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ मिलिबारने उतरतो, आणि आजचे सेन्सर वीतभर फरकही पकडतात. ब्रेक (पंख वळवायच्या हातातल्या दोऱ्या) सोडताना हात वर गेला की पट्टा म्हणणार, ‘थर्मल (वर चढणारी गरम हवा) लागला!’ सेन्सर हार्नेसच्या, म्हणजे आपण बसतो त्या झोळीच्या, खांद्याच्या पट्ट्याला बांधा. राहिली थरथरणारी मोटर. ब्रेकमधून पंखाची ओढ बोटांना कळत असते, त्यात ही थरथर कशाला मिसळायची? मी तर ती मांडीवर घेईन. आणि हो, बटणं हातमोज्यातून दाबता येतील एवढी तरी ठेवा. कामशेतला संध्याकाळच्या संथ वाऱ्यात पहिली चाचणी घ्या, भर दुपारी नको.